सरासरी शहाण्णव फूट

थाळीफेक या खेळाविषयी आधी थोडे सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आठ फुटांहून थोडे अधिक रुंद असे सिमेंटचे एक वर्तुळ असते. त्यात उभे राहून, स्वतःभोवती दीड वळसा घेऊन, एक किलोची चकती जितकी दूर जाईल तितकी फेकायची. पाय वर्तुळाबाहेर पडला, की ती फेक फाउल. मग चकती कितीही लांब गेलेली असो. प्रत्येकीला तीन फेकी मिळतात, पुढे असलेल्यांना आणखी तीन, आणि या सहांतली सर्वांत लांबची एकच धरली जाते. म्हणजे पेपर सहा द्यायचे आणि निकाल एकाच पेपराचा लावायचा. माझ्या आईला या खेळातली हीच गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही, आणि माझी ही हकिकत मुख्यतः त्या न पटण्याची आहे.

आई नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. मी नऊ वर्षांची असताना बाबांना ॲरिझोनातल्या चँडलर गावी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही तिघे इकडे आलो. इथे आईला शाळा मिळाली नाही. वर्ग मात्र मिळाला. त्यात एकच विद्यार्थिनी होती. रविवारी सकाळी घरातली बुद्धवंदना झाली, की स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन तास मराठी आणि गणित चाले. मी इंग्रजीत उत्तर दिले तर आई ते ऐकू आले नसल्यासारखे करून खिडकीबाहेरच्या निवडुंगाकडे पाहत राही. आज माझे मराठी बोलण्यापेक्षा वहीत अधिक बरे असते, याचे कारण हे आहे.

थाळीफेकीत मी ठरवून आले नाही. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी मैदानावर पाण्याचे भरलेले पिंप दोघींनी उचलून न्यायचे असे, ते मी एकटीने नेले. आमच्या शाळेचे मैदानी खेळांचे प्रशिक्षक हे पाहत होते. ते इतर वेळी सुतारकाम शिकवत आणि त्यांच्या मिशीत कायम थोडा भुसा असे. त्यांनी माझा पंजा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात चकती दिली. संध्याकाळी मी ही बातमी घरी सांगितली.

"काय फेकायचं?" बाबांनी विचारले.

"थाळी."

"घरी आपटतच असते रोज," बाबा म्हणाले. "आता त्याचे मार्क पण भेटून राहिले का?"

आई हसली नाही. तिने विचारले, "मोजतात कसं?"

पुढच्याच स्पर्धेला ती छत्री, घडीची खुर्ची आणि दोनशे पानी आखीव वही घेऊन हजर झाली. वहीत तिने रकाने पाडले होते: तारीख, ठिकाण, फेकीचा क्रमांक, फूट, इंच, शेरा. प्रत्येक फेकीची नोंद त्यात होई. फाउल झाली, की अंतराच्या रकान्यात शून्य. हे शून्य ती इतके काळजीपूर्वक काढी, की एकदा मी चिडून म्हणाले, "आई, झिरो आहे तो, रांगोळी नाही."

"शून्याचं तोंड नीट मिटवावं," ती म्हणाली. "उघड्या शून्याचा कोणीही सहा करतं. मी सोळा वर्षं पेपर तपासलेत."

तीन वर्षांत त्या वहीची वीसहून अधिक पाने भरली. माझी सर्वांत लांब फेक एकशे एकेचाळीस फुटांची झाली. आमच्या भागात हे अंतर चांगले समजले जाई. प्रशिक्षकांच्या मते विद्यापीठांनी हाक मारण्याइतके चांगले.

आता विद्यापीठे खेळाडूंना कशी हाक मारतात, तेही सांगायला हवे. नव्वदच्या दशकात हा सगळा कारभार टपालाने आणि घरच्या फोनने चाले. हायस्कूलचे शेवटचे वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात पत्रे येऊ लागत: रंगीत शीर्षक, खाली प्रशिक्षकाची छापील सही आणि सोबत एक प्रश्नावली. प्रश्नावली भरून पाठवायची. ती पसंत पडली, की फोन येत. एका विद्यापीठाने फोन आठवड्यातून एकदाच करायचा असा नियम होता. त्यानंतर भेटी, मग मैदाने पाहायला निमंत्रण आणि शेवटी शिष्यवृत्ती देणारा सहीचा कागद. आमच्या वस्तीतल्या एका काकूंना मी हा क्रम समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "आणि पत्रिका कधी मागतात?"

मला चौदा पत्रे आली. तेरा एकसारखी होती. चौदावे पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ भागातल्या एका विद्यापीठाचे होते आणि त्याच्या तळाशी निळ्या शाईने एक ओळ हाताने लिहिलेली होती: तुझी फेक मी राज्याच्या स्पर्धेत पाहिली; तुझा डावा पाय घाई करतो, पण खांदा उत्तम आहे. लिहिणारी बाई तिथली फेकींची प्रशिक्षक होती. माझ्याविषयी कोणीतरी इतके नेमके लिहिले होते आणि ती व्यक्ती माझी आई नव्हती. त्या दिवसापासून मला दुसरे काही नको झाले. मला त्या बाईंच्या संघात जायचे होते. उरलेली तेरा पत्रे मी केवळ शिष्टाचार म्हणून जपली.

शिष्टाचार म्हटले की आमच्या घरचा फोन आठवतो. प्रश्नावल्या पाठवण्याआधीच कुठल्याशा विद्यापीठाच्या एका उत्साही प्रशिक्षकाने फोन केला आणि तो बाबांनी उचलला. आपल्या मुलीचे कौतुक परक्या माणसाजवळ आपण करू नये, अशी बाबांची शिकवण होती. मी जिन्यावरून ऐकत होते. "नाही, नाही, साधारणच आहे," बाबा इंग्रजीत सांगत होते. "तुमच्याकडे यापेक्षा चांगल्या पुष्कळ असतील. हो, अभ्यास करते. नाही, फार लांब नाही फेकत." मग थोडा विचार करून, यजमानाला शोभेल अशा आवाजात त्यांनी विचारले, "तुमचं जेवण झालं का?" त्या माणसाने पुन्हा फोन केला नाही.

"बाबा, त्यांना मी चांगली आहे हे सांगायचं असतं," मी म्हणाले.

"ते त्यांना दिसेल ना. आपण कशाला सांगायचं? समोरचा म्हणतो, 'नाही हो, छान आहे.' तो म्हणालाच नाही. मॅनर्स नाहीत."

प्रश्नावल्या भरण्याचे काम आईकडे होते. तिचे अक्षर सुरेख होते आणि माझे अर्ज दुसऱ्याने भरलेले तिला चालत नसत. उंची, वजन, शाळेतले गुण, सारे तिने भरले. थाळीफेकीपुढे दोन रिकाम्या जागा होत्या, फूट आणि इंच. एका रविवारी तिने वही उघडली, तीन वर्षांच्या सगळ्या फेकींची बेरीज केली, फेकींच्या संख्येने भागिले आणि उत्तर पडताळून चौदाही कागदांवर लिहिले. मी तेव्हा सरावाला गेले होते. पाकिटे बाबांनी सोमवारी टपालात टाकली.

त्यानंतर शांतता पसरली. शाळा सुरू झाली, उन्हाळा ओसरला, नोव्हेंबर आला. माझ्या वर्गातल्या एका पोहणाऱ्या मुलीला आठवड्याला सहा फोन येत होते. आमच्याकडे फोन वाजला, की बाबा आणि मी दोघेही धावत असू. मी तो उचलायला आणि बाबा माझ्याआधी उचलायला. बहुधा गालिचे धुऊन देणाऱ्यांचा असे. पेनसिल्व्हेनियाहून डिसेंबरात छापील पत्र आले. माझ्या पुढच्या वाटचालीस शुभेच्छा होत्या. तळाशी निळी शाई नव्हती. मी ते पत्र दोन्ही बाजूंनी पाहिले.

जानेवारीत आमच्या प्रशिक्षकांना राहवले नाही. त्यांनी आपल्या ओळखीच्या एका विद्यापीठात फोन लावला आणि मला सुतारशाळेत बोलावून घेतले.

"ते मला हसले," ते म्हणाले. "म्हणाले, शहाण्णव फूट? तेवढं तर आमच्या संघातली पळणारी मुलगी गंमत म्हणून फेकते. तू त्यांना शहाण्णव लिहून पाठवलंस?"

मी नाही म्हणाले. मग मला आखीव वही आठवली.

घरी येऊन मी आईला विचारले. तिने मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. उलट वही आणून गणित दाखवले.

"एकूण फेकी, त्यांची बेरीज, भागाकार. शहाण्णव. अपूर्णांक सोडलाय, तोही तुझ्या बाजूनं."

"आई, फाउल पण धरलेस?"

"शून्य हेही मार्कच असतात."

"अगं, सगळे बेस्ट लिहितात. बेस्ट! एकशे एकेचाळीस."

"वर्षभरात एकदा एका पेपराला नव्वद मिळाले, म्हणून कोणी 'मला नव्वद टक्के आहेत' असं सांगतं का?"

"खेळात सांगतात. नियमच तो आहे. तूच चौथं शील शिकवलंस, खोटं बोलू नये. एकशे एकेचाळीस खोटं आहे का? फेकलेत मी. तूच लिहिलेत."

"खोटं नाही," आई म्हणाली. "पण मोठं आहे."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "आता हिला सांगून टाक ना, बाई."

आईने वही मिटली. ती सावकाश बोलली, फळ्यावर लिहिल्यासारखी. ती म्हणाली, की तिच्या घराण्यात मॅट्रिक होणारी ती पहिली मुलगी. जिल्ह्यात गणितात पहिली आली, तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी सर्वांसमोर तिची उत्तरपत्रिका पुन्हा मागवली. "चुकून जास्त पडले असतील," त्या म्हणाल्या. उत्तरपत्रिका पुन्हा तपासली, आणि दोन गुण वाढले. "आपल्या मार्कांकडे लोक दोनदा बघतात," आई म्हणाली. "म्हणून आकडा असा द्यावा, की दुसऱ्यांदा बघितलं तर वाढेल. कमी होणार नाही."

हे मला समजत होते. परंतु मी सतरा वर्षांची होते आणि माझे सर्वस्व पेनसिल्व्हेनियात अडकले होते, म्हणून मी बोललेच. "आई, इथे दुसऱ्यांदा कोणी बघत नाही. एकदाच बघतात."

ती बराच वेळ निवडुंगाकडे पाहत राहिली. या वेळी मी मराठीत बोलले होते.

तडजोड झाली ती अशी. चौदाही विद्यापीठांना दुरुस्तीचे पत्र जाईल आणि त्यात एकशे एकेचाळीस फूट लिहिले जाईल. पण पुरावा म्हणून वहीतल्या तीन वर्षांच्या सगळ्या फेकींची, शून्यांसकट, प्रत सोबत जोडली जाईल. आईचे म्हणणे असे, की मोठा आकडा एकटा पाठवणे बरे दिसत नाही. बाबांनी प्रती काढून आणल्या. प्रत्येक पाकिटात एकवीस पाने गेली. आमच्या प्रशिक्षकांनी ते जाडजूड पाकीट तळहातावर तोलून पाहिले आणि "हे लोक एक पानही वाचत नाहीत" असे सांगून मिशीतला भुसा झटकला.

त्यांचे म्हणणे बहुतांशी खरे निघाले. तेरा ठिकाणांहून एक तर उत्तर आले नाही, किंवा जागा भरल्याचे आले. फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन वाजला आणि नशिबाने बाबा आंघोळीला गेले होते.

"ही वही कोणी ठेवली?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. तिने आपले नाव सांगितले. ते निळ्या शाईच्या ओळीखालचे नाव होते.

"माझ्या आईने," मी इंग्रजीत म्हणाले.

"मी तीन दिवस वाचते आहे. तुला एक विचारायचं आहे. पहिल्या फेकीला तुला काय होतं?"

मला प्रश्न समजला नाही. तिने सांगितले, की तीन वर्षांतल्या निम्म्याहून अधिक स्पर्धांत माझी पहिलीच फेक फाउल होती. दुसरीपासून शून्ये विरळ होत जात आणि शेवटची फेक बहुधा सर्वांत लांब असे. हे ना मला माहीत होते, ना आमच्या प्रशिक्षकांना. आईलाही नव्हते; तिने सगळ्या फेकींची मिळून सरासरी काढली होती, पण पहिल्या फेकींच्या ओळी वेगळ्या वाचल्या नव्हत्या.

"मी फोन करायला उशीर केला असं समजू नकोस," ती बाई पुढे म्हणाली. "माझ्या शिष्यवृत्तीच्या जागा नोव्हेंबरातच भरल्या. तुझी प्रश्नावली शहाण्णव पाहून कचेरीनेच बाजूला काढली; खरा आकडा तेव्हा माझ्यापर्यंत आला असता, तर कदाचित वेगळं झालं असतं. आता माझ्याकडे द्यायला काही नाही. पण मार्चमध्ये संघाला घेऊन मी उन्हात सरावासाठी तुमच्याच भागात येते आहे. तुझी एक स्पर्धा पाहीन."

हे सर्व मी जेवताना घरी सांगितले. शहाण्णवमुळे जागा गेली, हा भाग मी गाळला. आईने तो माझ्या चेहऱ्यावरून वाचला असावा, कारण तिने दुसरी पोळी घेतली नाही.

मार्चमधल्या त्या दिवशी आई नेहमीप्रमाणे छत्री, खुर्ची आणि शेवटच्या वर्षासाठी काढलेली नवी वही घेऊन आली. पेनसिल्व्हेनियाच्या बाई बुटक्या आणि रुंद होत्या, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा होता. त्या थेट माझ्याकडे न येता आईच्या शेजारी जाऊन गवतावर बसल्या. दोघींत काय बोलणे होते आहे ते मला ऐकू येईना. फक्त आई खुर्चीवरून उठून त्यांना बसायचा आग्रह करते आहे, त्या नको म्हणत आहेत, आणि शेवटी खुर्ची रिकामी ठेवून दोघीही गवतावर बसल्या आहेत, एवढे दिसले.

पहिल्या फेकीला मी सर्वांना काय ते दाखवून देण्याचा निश्चय करून वर्तुळात शिरले. चकती दूर गेली, अंतर उत्तम होते, आणि माझा डावा पाय कडेच्या पट्टीवरून वीतभर पुढे पडला. पंचाने लाल झेंडा वर केला. मी वळून पाहिले. आई शून्य काढत होती. बाई त्या शून्याकडे पाहत होत्या आणि दोघींच्याही चेहऱ्यावर एखादे उदाहरण बरोबर सुटल्याचे समाधान होते. मला त्यांचा राग आला. त्या रागात मी पुढच्या फेकीत कोणाला काही दाखवायचे विसरून गेले, आणि ती एकशे अडतीस फूट गेली. शेवटची एकशे त्रेचाळीस.

स्पर्धा संपल्यावर बाईंनी आम्हाला सांगितले, की त्या मला संघात जागा देऊ शकतात, शिष्यवृत्ती नाही. मी प्रवेश स्वतःच्या गुणांवर मिळवायचा, सरावाला यायचे आणि पुढे पाहायचे. माझ्या लेखी हेच सर्व काही होते. आईने मात्र ते पारखून घेतले.

"म्हणजे वर्गात बसायची परवानगी, पण हजेरीपटावर नाव नाही," ती मला मराठीत म्हणाली.

"नाव येईल, आई. आधी बसू तर दे."

"प्रवेश मार्कांवर म्हणाल्या ना त्या? मग हरकत नाही." तिचा चेहरा उजळला. इतकी वर्षे चकती फेकून शेवटी मी गणिताच्या गुणांवर जाणार, हे तिला खेळाच्या नियमांहून कितीतरी न्याय्य वाटले.

निघताना बाईंनी आईजवळ नव्या वहीची प्रत मागितली. आईने ती कोऱ्या कागदावर तिथेच, गवतावर बसून, उतरवून दिली.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. गाव जवळ आले. मग आई समोरच्या काचेकडे पाहत म्हणाली, "सरासरी काढताना फाउल धरायला नको होते. परीक्षेला गैरहजर असलेल्याचं शून्य वर्गाच्या सरासरीत धरत नाहीत."

आईकडून क्षमा मागितली गेल्याचा हा एकमेव प्रसंग मला आठवतो. ती पद्धतीची चूक म्हणून मागितली गेली, पण मागितली गेली. मी ती जशीच्या तशी घ्यायला हवी होती.

"गैरहजर नव्हते गं ते," मी म्हणाले. "हजर होते. नापास झाले होते."

ती हसली. सिग्नल हिरवा झाला तरी हसत होती, आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

ऑगस्टमध्ये बाबा मला पेनसिल्व्हेनियात सोडून गेले. जाताना त्यांनी बाईंना सांगितले, की मुलगी साधारणच आहे, सांभाळून घ्या. बाई म्हणाल्या, "नाही हो, छान आहे." बाबा विमानतळापर्यंत आनंदात होते.

पहिल्या सरावाला बाईंनी प्रत्येकीला काहीतरी दिले: कोणाला नवे बूट, कोणाला संघाचा सदरा. मला दोनशे पानी आखीव वही मिळाली. यापुढे संघातल्या सगळ्यांच्या सगळ्या फेकी मी लिहायच्या, फाउलसकट, असे त्यांनी सांगितले. त्यांना संघात मी हवी होते की वही, हे मी त्यांना चार वर्षांत विचारले नाही. एखादा प्रश्न न विचारणे हेही पुष्कळदा चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण असते.

त्या वर्षीची पहिली स्पर्धा थंड, ओल्या मैदानावर झाली. हजेरीपटावर माझे नाव होते, सर्वांत खाली. मी वर्तुळात शिरले, कोणाला काही दाखवायचे नाही असे स्वतःला बजावले, आणि ते बजावण्याच्या नादात पाय बाहेर पडला. बाईंनी पेन पुढे केले. मी कडेला बसले, गार पडलेल्या बोटांनी वही उघडली, माझ्या नावापुढे पहिल्या रकान्यात शून्य काढले आणि त्याचे तोंड नीट मिटवले. मग दुसऱ्या फेकीसाठी उठले.